काड्यापेटीतली नाणी : ग्रीन बेमधले पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळी साडेआठला शिकागोहून निघालो. भाचा गाडी चालवत होता, शेजारी मी. मागच्या सीटवर ताई आणि तिनं बांधून घेतलेल्या दशम्या, लसणाची चटणी. मिलवॉकी मागं पडलं की रस्ता मिशिगन सरोवराच्या कडेकडेनं उत्तरेला जातो. शेबॉयगन, मॅनिटोवॉक अशी गावं लागतात. दोन्ही अंगांना मका, लाल रंगाची कोठारं आणि चरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या गाई. विस्कॉन्सिन हा दुधाचा आणि चीजचा मुलूख आहे.

भाचा विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला शिकला आणि तिथंच त्याला ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचं वेड लागलं. आता नोकरी शिकागोत. म्हणजे पॅकर्सचे शंभर वर्षांचे वैरी शिकागो बेअर्स यांच्या गावात. २०२१ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला, "मामा, मी टीमचा मालक झालो!" तीनशे डॉलर भरून त्यानं एक शेअर घेतला होता.

मी पस्तीस वर्षं सहकारी साखर कारखान्याच्या अकाउंट खात्यात काढली. त्यामुळं माझा पहिला प्रश्न, डिव्हिडंड किती? शून्य. विकता येतो? नाही. घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो, तेवढंच. तिकीट तरी स्वस्त मिळतं का? तेही नाही. आमच्या आजोबांचा कारखान्याचा शेअर अजून घरात ट्रंकेत आहे. त्यावर निदान सवलतीची साखर यायची. "मग घेतलास कशाला?" असं विचारलं तर म्हणाला, "तुम्ही एकदा जुलैमध्ये सर्वसाधारण सभेला या, मग मला विचारा."

त्या सभेसाठीच आम्ही निघालो होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर होतो तो हा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन कमवायची. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. एकेक हात जमिनीसाठी धडाधड अंगावर जातात. आमच्या भागातला कबड्डी पाहिलेला माणूस यात दहा मिनिटांत रमतो.

एनएफएल, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, या लीगमध्ये बत्तीस टीम आहेत. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, डॅलस अशी एकेक महानगरं, आणि त्यांचे मालक गडगंज. त्यात हे एक ग्रीन बे. २०२० च्या जनगणनेत वस्ती एक लाख सात हजार. इस्लामपूरपेक्षा मोठं, सांगली-मिरजेपेक्षा कितीतरी लहान. आणि विजेतेपदं सगळ्यांपेक्षा जास्त, तेरा.

दुपारी गावात शिरलो. बैठ्या घरांची साधी वस्ती, अंगणात हिरवळ, दारात पोरांच्या सायकली. एका वळणावर भाच्यानं गाडी सावकाश केली आणि बोट दाखवलं. घरांच्या छपरांवरून एक प्रचंड गडद हिरवी भिंत वर आली होती. लॅम्बो फील्ड. ८१,४४१ जण बसतील एवढं स्टेडियम, म्हणजे गावातली चारातली तीन माणसं आत मावतील. समोरच्या फुटपाथवर एक आजी गुलाबाला पाणी घालत होत्या. मॅचच्या दिवशी ही घरं आपापल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावून देतात.

दुसरा दिवस, शनिवार

आजचा दिवस जुन्या गावाचा. फॉक्स नदीच्या काठानं पायी फिरायचा एक मार्ग आखलेला आहे. जिथं जिथं काही घडलं तिथं फलक लावलेत. वाचत वाचत आम्ही तीन-चार तास चाललो. पाऊस भुरभुरत होता. ताई मध्येच कॉफीच्या दुकानात थांबली, मी मात्र एकही फलक सोडला नाही.

११ ऑगस्ट १९१९. इथल्या 'प्रेस-गॅझेट' या वर्तमानपत्राच्या कचेरीत काही तरुण जमले. कर्ली लॅम्बो हा एकवीस वर्षांचा पोरगा आणि जॉर्ज कॅल्हून हा त्या पेपरचा क्रीडा संपादक, या दोघांनी टीम काढली. लॅम्बो नोटर डॅम विद्यापीठात खेळून आला होता. टॉन्सिलच्या दुखण्यानं परतला आणि इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत माल पाठवायच्या खात्यात कारकून झाला. कंपनीनं कपड्यांसाठी आणि साहित्यासाठी पाचशे डॉलर दिले. म्हणून टीमचं नाव पॅकर्स, पॅकिंगवाले. ती कंपनी लवकरच गेली, नाव राहिलं.

पहिल्या वर्षी खेळ हेगमायस्टर पार्कात. कुंपण नाही, तिकीट नाही. लोक कडेनं उभे राहून बघायचे आणि मध्यंतरात टोपी फिरायची. अकरापैकी दहा सामने जिंकले. हंगाम संपल्यावर वाटणी झाली तेव्हा एकेकाच्या हातात पावणेसतरा डॉलर पडले. आपल्याकडं जत्रेच्या कुस्त्यांत पटका फिरवून इनाम गोळा करतात, त्याचीच आठवण झाली.

१९२१ मध्ये लीगमध्ये प्रवेश मिळाला. पण त्याच हंगामात कॉलेजची मुलं खोट्या नावांनी खेळवल्याचं उघडकीला आलं आणि परवाना गेला. लॅम्बोनं पुढच्या वर्षी तो परत मिळवला. १९२२ चा हंगाम पावसानं धुतला. सामना पावसानं बुडाला तर नुकसानभरपाई मिळावी म्हणून विमा काढलेला होता. पण पाऊस ठरलेल्या मापापेक्षा किंचित कमी पडला आणि पैसे मिळाले नाहीत, असं इथं सांगतात. भुरभुर पावसात तो किस्सा ऐकताना माझ्या पोटात कालवलं. मापात बसत नाही म्हणून भरपाई नाकारलेले शेतकरी मी खिडकीवर खूप पाहिलेत.

तेव्हा पुढं आला तो 'प्रेस-गॅझेट'चा व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल. गावातले व्यापारी, वकील, डॉक्टर गोळा करून त्यानं १९२३ मध्ये पाच डॉलरचा एक असे एक हजार शेअर विकले. त्या कागदपत्रात नफ्याची वाटणी नाही, असं तेव्हापासूनच ठरलेलं. टीम विकायची वेळ आलीच, तर पैसा शेअरवाल्यांना नाही. तो माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला, सैनिकांचं स्मारक बांधायला. १९९७ मध्ये हे कलम बदलून पैसा टीमच्या धर्मादाय निधीकडं जाईल असं केलं, पण शेअरवाल्याला आजही काही नाही. पोटनियम मी आयुष्यभर वाचले. टीम विकून कुणाच्याच खिशात काही पडणार नसेल तर विकायचं म्हणणार कोण? एवढ्या एका कलमानं ती गावात बांधून ठेवली.

दुपारी ईस्ट हायस्कूल पाहिलं. त्याच्या मागचं मैदान म्हणजे जुनं सिटी स्टेडियम, १९२५ ते १९५६ पर्यंत पॅकर्सचं घर. आता तिथं शाळेची पोरं खेळतात. १९२९, ३०, ३१ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं याच मैदानाच्या काळातली. पुढं डॉन हटसन आला. लांब फेकलेला चेंडू पळता पळता झेलावा तो त्यानंच. १९४५ मध्ये थांबला तेव्हा झेलून केलेले ९९ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं म्हणजे टचडाउन) त्याच्या नावावर होते.

विजयाच्या दिवसांतच घर पोखरत होतं. १९३१ मध्ये एक प्रेक्षक इथल्या फळ्यांवरून खाली पडला. त्यानं दावा जिंकला, पाच हजार डॉलरच्या आसपास. विमा कंपनी तोवर बुडालेली, मंदीचा काळ. १९३३ मध्ये टीम कोर्टाच्या ताब्यात गेली. १९३५ मध्ये पुन्हा शेअर काढले, पंधरा हजार डॉलर उभे राहिले, नवी संस्था नोंदवली.

तिसरी वेळ सगळ्यात अवघड, आणि तिला लॅम्बोचाही हात लागला होता. १९४६ मध्ये त्यानं गावाबाहेर रॉकवूड लॉज नावाची वास्तू खेळाडूंच्या मुक्कामासाठी विकत घेतली, खर्च वाढवला. टीम हरायला लागली, तिजोरी रिकामी झाली. १९४९ मध्ये खेळाडूंनी आपसांत सामना खेळून पैसा उभा केला. १९५० च्या जानेवारीत लॉज जळून खाक झालं. विम्याचे पैसे आले. आगीनंतर आठवड्याभरात लॅम्बो राजीनामा देऊन शिकागोच्या दुसऱ्या टीमकडे गेला. ज्यानं जन्म दिला, एकतीस वर्षं वाढवलं, त्याचं असं जाणं. मला त्याचा राग येतो आणि तो नसता तर हे काहीच नसतं हेही कळतं.

त्या वर्षी पंचवीस डॉलरचा शेअर काढला. एक लाख अठरा हजारांवर जमले. त्यातली एक गोष्ट अशी सांगतात की, राइट्सटाउनजवळच्या शेतावरची एक बाई कचेरीत आली आणि तिनं काड्यापेटीचा खोका टेबलावर ठेवला. आत पाव डॉलरची नाणी होती, पंचवीस डॉलरची. म्हणजे शंभर नाणी. मी रोखपालाच्या खिडकीत बसलेला माणूस आहे. चिल्लर मोजताना बोटं काळी होतात, धातूचा वास नखांत राहतो. ती नाणी कुणी तरी टेबलावर ओतून चार-चारांचे ढीग लावले असतील. ते पंचवीस ढीग मला रात्री झोपेपर्यंत दिसत राहिले.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी स्टेडियम. दारातच दोन पुतळे, चेंडू धरून हात पुढं केलेला लॅम्बो आणि लांब कोट घातलेला व्हिन्स लॉम्बार्डी.

हे मैदानही गावानं मतं देऊन बांधलं. जुनं मैदान लहान पडायला लागलं तेव्हा लीगमधले लोक म्हणत, नवं बांधा नाही तर टीम हलवा. एप्रिल १९५६ मध्ये नऊ लाख साठ हजार डॉलरच्या कर्जरोख्यांवर मतदान झालं आणि दोनास एकपेक्षा जास्त फरकानं मंजूर झालं. मतदानाच्या आधी प्रचारसभेत बोलायला कोण आलं होतं? शिकागो बेअर्सचा मालक जॉर्ज हॅलस. मैदानावर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या टीमचा मालक. भाच्याला हे माहीत नव्हतं. तो फलकासमोर बराच वेळ उभा राहिला. २९ सप्टेंबर १९५७ ला उद्घाटनाचा सामना बेअर्सशीच झाला आणि पॅकर्सनी २१-१७ असा जिंकला. १९६५ मध्ये लॅम्बो वारला तेव्हा स्टेडियमला त्याचं नाव दिलं.

पण नव्या घरात टीम दरिद्रीच होती. १९५८ मध्ये बारा सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, दहा पराभव. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचा सहायक प्रशिक्षक लॉम्बार्डी आला आणि नऊ हंगामांत पाच विजेतेपदं दिली. ३१ डिसेंबर १९६१ ला याच मैदानावर अंतिम सामना न्यूयॉर्कशी झाला. गाव तेव्हा साठ-पासष्ट हजारांचं. निकाल ३७-०.

बरोबर सहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९६७ चा सामना. त्याला 'आइस बोल' म्हणतात. प्रतिस्पर्धी डॅलस काउबॉइज. तापमान उणे पंचवीस सेल्सियस. जमिनीखाली विजेच्या तारांची गरम ठेवणारी यंत्रणा बसवली होती, ती बंद पडली आणि गवताचं काच झालं. पंचाची शिट्टी ओठाला चिकटली. ओढली तेव्हा कातडी आली. पुढं पंचांनी नुसत्या आवाजावर सामना चालवला. पन्नास हजारांवर लोक बसून होते. शेवटची चार मिनिटं पन्नास सेकंद उरली तेव्हा पॅकर्स १४-१७ असे मागं, आणि अडुसष्ट यार्ड जायचे. तेवढं जाऊन गोलरेषेपाशी आले. सोळा सेकंद उरली, हातभर जमीन. बरोबरीसाठी लाथेचा गोल मारता आला असता. चेंडू फेकून डाव चालवणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, बार्ट स्टार लॉम्बार्डीकडे गेला. बर्फावर बाकीच्यांचे पाय ठरत नाहीत, मी स्वतःच घुसतो, म्हणाला. जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी समोरचा गडी रेटला आणि स्टार त्यांच्या मागून रेषेपलीकडे पडला. २१-१७.

फेरीत आम्हाला त्याच टोकाला नेलं. जुलैचं ऊन, गवत कापल्याचा वास. मी कठड्याला हात लावून उभा राहिलो. खेळाडू बाहेर पडतात त्या बोगद्यात जमिनीत जुन्या काँक्रीटचा एक तुकडा बसवलाय, लॉम्बार्डीच्या काळच्या बोगद्यातला. त्याच्यावर पाय देऊनच सगळे मैदानात जातात. कडा झिजलेल्या, मध्ये एक बारीक चीर. वाकून हात लावला. ऊन नसल्यानं गार होता. पाऊल टाकायच्या आधी ताईनं चप्पल काढली. मागच्या एका बाईनं ते पाहिलं आणि काही न बोलता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आतलं संग्रहालय दुपारभर पाहिलं. सुपर बोल म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणारा शेवटचा सामना. पहिले दोन्ही पॅकर्सनी जिंकले. १९७० मध्ये लॉम्बार्डी कर्करोगानं गेला आणि तेव्हापासून सुपर बोलचा करंडक त्याच्या नावाचा आहे. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं बहुतेक पडझडीची, संग्रहालयही त्यावरून लवकर पुढं सरकतं. मग १९९२ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र आला, १९९३ मध्ये रेजी व्हाइट. इतका मोठा बचावपटू, देशातली कुठलीही टीम त्याला घ्यायला तयार, त्यानं हे थंड, लहान गाव निवडलं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लेरॉय बटलरनं टचडाउन केल्यावर थेट प्रेक्षकांत उडी घेतली. तेव्हापासून ती इथली रीतच. जानेवारी १९९७ मध्ये तिसरा सुपर बोल आला. फाव्रनंतर अॅरन रॉजर्स, त्याच्या काळात २०१० च्या हंगामाचा चौथा. दोघंही इथून न्यूयॉर्कच्या जेट्सकडे गेले, आणि आता त्या जागी जॉर्डन लव्ह आहे. फाव्र तर पुढं शेजारच्या मिनेसोटाकडूनही खेळला. त्याचं दुःख भाच्याच्या बोलण्यात अजून आहे.

चौथा दिवस, सोमवार

सभा. आयुष्यात मी पस्तीस वार्षिक सभा पाहिल्या, मांडव घातलेल्या, लाउडस्पीकर लावलेल्या. ही उघड्या स्टेडियमच्या बाकांवर. हजारो माणसं, हिरवे-पिवळे सदरे, डोक्यावर चीजच्या फोडीसारख्या फोमच्या टोप्या. काहींनी शेअरचं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं होतं. आमच्या पुढच्या ओळीत आजोबा, मुलगा, नातू बसलेले. आजोबांच्या हातातला शेअर १९५० चा, त्यांच्या वडिलांच्या नावाचा. त्यांनी तो मला हातात दिला. घडीवर कागद विरला होता, पाठीमागून सेलोटेप लावलेली.

अध्यक्षांचं भाषण झालं, खजिनदारानं हिशोब वाचला, संचालकांची निवड जाहीर झाली. मी वहीत आकडे उतरवले. शेअरवाले आज पाच लाख सदतीस हजारांच्या वर, म्हणजे गावाच्या पाचपट. १९९७ मध्ये दोनशे डॉलरचे एक लाख वीस हजार शेअर गेले, दोन कोटी चाळीस लाख डॉलर आले. २०११ मध्ये अडीचशेचा काढला, सहा कोटी सत्तर लाख. २०२१-२२ मध्ये तीनशेचा, साडेसहा कोटींच्या आसपास. तो पैसा स्टेडियमच्या कामाला जातो, खेळाडूंच्या पगाराला लावता येत नाही. एका माणसाला दोन लाखांपेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत. सात जणांच्या कार्यकारी समितीत पगार फक्त अध्यक्षांना.

आता अकाउंटवाल्याचं एक निरीक्षण, कारण नुसती माया सांगून हिशोब पुरा होत नाही. शेअरच्या पैशानं टीम तीनदा मरणातून उठली. ती जगते मात्र दुसऱ्या एका निर्णयावर. १९६१ पर्यंत प्रत्येक टीम आपलं टीव्ही प्रक्षेपण स्वतंत्र विकायची. न्यूयॉर्कला भरपूर, ग्रीन बेला चणेफुटाणे. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्यांचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसा सारखा वाटायचा असं ठरवलं. अमेरिकी काँग्रेसनं त्यासाठी १९६१ मध्ये कायदा केला. न्यूयॉर्कच्या मालकांनीही मान्यता दिली. त्यांचा तोटा होता, तरीही. पहिला करार वर्षाला साडेसेहेचाळीस लाख डॉलरचा, चौदा टीमना सारखा. अलीकडे एकेका टीमच्या वाट्याला लीगकडून वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या वर येतात. न्यूयॉर्कला जेवढे, तेवढेच ग्रीन बेला. हा आकडा जगाला कळतो तोही पॅकर्समुळं, कारण बाकीचे मालक ताळेबंद दाखवत नाहीत. आणि असली दुसरी टीम आता निघू शकत नाही. लीगच्या नियमात एवढ्या लोकांची मालकी बसतच नाही, पॅकर्स आधीपासून होते म्हणून राहिले.

सभा संपली तरी लोक बसून होते. मी भाच्याला म्हणालो, "पुढच्या वेळी शेअर काढतील तेव्हा मला कळव." नियमानं मला घेता येईल का, ते आधी वाचायला हवं. तो वाचूनच सांगेन म्हणाला.

पाचवा दिवस, मंगळवार

निघायच्या आधी सकाळी सराव पाहायला गेलो. स्टेडियमपासून सरावाचं मैदान रस्त्यापलीकडं आहे. तेवढं अंतर खेळाडू गावातल्या पोरांच्या सायकलींवर जातात, लॉम्बार्डीच्या काळापासूनची पद्धत. पोरं पहाटेपासून सायकली घेऊन रांगेत. दार उघडलं आणि एकेक अगडबंब माणूस बाहेर येऊन सायकल निवडू लागला.

आमच्यासमोर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी जांभळी सायकल धरून उभी होती. पुढं टोपली, हँडलला झालरी. तीन-चार खेळाडू पुढं गेले, तिच्याकडं कुणी वळलं नाही. तिनं ओठ दाबून धरले होते. मग एक जण थांबला, गुडघे छातीला लागतील असा त्या सायकलवर बसला आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं. हेल्मेट तिच्या पोटाएवढं. ते दोन्ही हातांनी कवटाळून ती त्याच्या शेजारून पळत निघाली. तो हळू पॅडल मारत होता, तिला गाठता यावं म्हणून.

रस्ता ओलांडून दोघं दिसेनासे होईपर्यंत ताई टाळ्या वाजवत होती. मग आम्ही गाडीत बसलो. दशम्या संपल्या होत्या, वाटेत मॅनिटोवॉकला चीज घेतलं.